‘रेक’ आणि ‘प्ले’, दोन्ही एकदम

काका मस्कतहून व्हीसीआर घेऊन आले ते १९८७ च्या मे महिन्यात. कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या दोन खोल्यांत तो खोका उघडला, तेव्हा निम्मी बिल्डिंग दारात उभी होती. खोक्यावर चंदेरी अक्षरांत बरंच काही छापलेलं: चार हेड, चौदा दिवसांचा टायमर, सहा तास रेकॉर्डिंग. काका एकेक ओळ मोठ्याने वाचत होते आणि वडील प्रत्येक ओळीला मान डोलवत होते. त्यांतल्या एकाही गोष्टीचा अर्थ तेव्हा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता. काकांनाही नव्हता, हे पुढे कळलं.

ते यंत्र बारा वर्षं टिकलं. त्यावर सिनेमे किती पाहिले याचा हिशेब नाही, पण टायमर लावून ठरल्या वेळी ठरलेला कार्यक्रम पूर्ण रेकॉर्ड झाला, असं मोजून एकदा घडलं. ‘एवढं महागाचं यंत्र आणि आपल्याला ते धड वापरता येत नाही,’ असं आई अधूनमधून म्हणायची. त्यात तक्रार यंत्राविषयी नसायची, स्वतःविषयी असायची. पुढे मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि सहा-सात वर्षं एका दुरुस्तीच्या दुकानात व्हीसीआर उघडण्यात घालवली. गिऱ्हाईक यंत्राबरोबर जे समज घेऊन काउंटरपाशी यायचं, ते बहुतेक आमच्याच घरातले असायचे.

‘चार हेड म्हणजे दुप्पट चांगलं चित्र’

हा समज दुकानदारांनी पेरला आणि आम्ही तो मनापासून वाढवला. दोन हेडचा व्हीसीआर असणारा माणूस चार हेडवाल्याकडे, स्कूटरवाल्याने मोटारवाल्याकडे पाहावं तसा पाहायचा.

व्हीसीआरच्या आत ६२ मिलिमीटर व्यासाचं एक चकचकीत ड्रम असतं. ते किंचित तिरकं बसवलेलं असतं आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फेरे घेतं. ड्रमच्या कडेला समोरासमोर दोन हेड असतात. टेप ड्रमला अर्धा विळखा घालून पुढे सरकते आणि प्रत्येक हेड तिच्यावर एक तिरकी रेघ ओढतं. एका रेघेत अर्धं चित्र, दोन रेघांत एक पूर्ण चित्र. टेप सरकते ती जेमतेम, सेकंदाला २३.३९ मिलिमीटर. ड्रम मात्र वेगाने फिरतं, त्यामुळे हेड आणि टेप यांच्यातला प्रत्यक्ष वेग सेकंदाला पावणेपाच मीटरच्या वर जातो. त्या वेगाशिवाय टेपवर चित्र बसतच नाही.

मग उरलेली दोन हेड कशाला? कॅसेट नेहमीच्या वेगाने चालू असते तेव्हा ती बहुतेक यंत्रांत नुसती फिरत राहतात. त्यांचं काम लाँग प्लेमध्ये, म्हणजे टेप निम्म्या वेगाने चालवायची असेल तेव्हा, किंवा चित्र थांबवायचं, हळू चालवायचं असेल तेव्हा. चार हेडवाल्या यंत्रात पॉज केल्यावर चित्रावर पट्टे कमी येतात, हा त्याचा खरा लाभ. सिनेमा सरळ पाहणाऱ्या माणसाला दोन हेड आणि चार हेड यांत फरक दिसायचं कारणच नव्हतं. तरी लोकांना तो दिसायचा. जास्त पैसे मोजल्यावर डोळे थोडे उदार होतात.

‘तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास, म्हणजे निम्मी बचत’

ई-१८० कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर टेप असते. ती नेहमीच्या वेगाने तीन तास पुरते, लाँग प्लेवर सहा तास. गणित बरोबर आहे. पण वेग निम्मा केला की हेडने ओढलेल्या रेघेला जागाही निम्मीच मिळते. नेहमीची रेघ ४९ मायक्रॉन रुंद, लाँग प्लेची त्याच्या निम्मी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतक्या बारीक रेघेवर हेड नेमकं आणून ठेवायचं काम ज्या यंत्राने रेघ ओढली त्यालाच जमतं, आणि कधी कधी त्यालाही नाही. म्हणून लाँग प्लेवर भरलेली कॅसेट शेजाऱ्यांकडे नेली की वर-खाली पट्टे यायचे, शेजारी ट्रॅकिंगचं बटण फिरवत बसायचे आणि शेवटी ‘तुमची कॅसेट खराब आहे’ म्हणून परत पाठवायचे. कॅसेट खराब नसायची. खोक्यावर छापलेल्या सहा तासांची किंमत अशी वसूल व्हायची.

‘टीव्ही चालू ठेवल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही’

आमच्याकडे कित्येक महिने रेकॉर्डिंग चालू असलं की टीव्हीला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. आवाज वाढवला तर कॅसेटवर आवाज मोठा येईल, या भीतीने वडील तो मधेच कमी करायचे.

व्हीसीआरमध्ये स्वतःचा ट्यूनर असतो. अँटेनाची वायर आधी व्हीसीआरला येते आणि तिथून टीव्हीला जाते. व्हीसीआर आपल्या ट्यूनरवर काय पकडायचं ते पकडतो. टीव्ही बंद असो, दुसऱ्या वाहिनीवर असो किंवा दुरुस्तीला गेलेला असो, त्याला फरक पडत नाही. मुळात यंत्राची कल्पनाच ती होती: एक कार्यक्रम पाहायचा आणि त्याच वेळचा दुसरा साठवायचा. पण ज्या घरात वाहिनी एकच, त्या घरात हा गुण कळणार कसा? आम्ही पाहत होतो दूरदर्शन आणि साठवत होतो तेही दूरदर्शनच.

‘टायमर लावता येत नाही, हा आपला अडाणीपणा’

आईच्या वाक्याचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं. दर रविवारी सकाळी साडेनऊला. वडिलांना महिन्यातून दोन-तीन रविवार ड्युटी असायची, आणि व्हीसीआर घरात आला तेव्हा त्यांची एकच इच्छा होती: चुकलेला भाग रात्री घरी येऊन पाहायचा. टायमर याच कामासाठी बनवलेला असतो. दुपारचं दुपारी न पाहता आपल्या सवडीने पाहणं हा गुन्हा नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या जानेवारीत पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता. स्टुडिओ कंपन्यांनी सोनीवर भरलेला तो खटला. म्हणजे वडिलांची इच्छा त्या यंत्राच्या अगदी मूळ उद्देशाला धरून होती.

शनिवारी रात्री मी आणि काका पुस्तिका घेऊन बसलो. आधी घड्याळ लावायचं, चोवीस तासांचं. मग वार. मग वाहिनीचा क्रमांक, पण तो दूरदर्शनचा क्रमांक नव्हे, आपण ती वाहिनी यंत्रात ज्या खणात बसवली त्या खणाचा. मग सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ, टेपचा वेग. हे सगळं चार आकडी छोट्या पडद्यावर, मिचमिचणाऱ्या हिरव्या अक्षरांत, आणि एका पायरीवर जास्त वेळ विचार केला तर यंत्र आपणहून पहिल्या पायरीवर परत जायचं. पाऊण तासाने जमलं. शेवटी ‘टायमर’ असं लिहिलेलं बटण दाबायचं. ते दाबलं आणि यंत्र बंद झालं.

आता ‘प्ले’ दाबलं तरी काही होईना, कॅसेट बाहेर येईना. काका घाबरले. त्यांनी प्लग काढून पुन्हा लावला. घड्याळ शून्यावर गेलं आणि पाऊण तासाची मेहनत पुसली गेली.

यंत्राला काहीही झालेलं नव्हतं. टायमर लावल्यावर व्हीसीआर बाकीची बटणं मुद्दाम बंद करतो, कुणी चुकून रेकॉर्डिंगमध्ये ढवळाढवळ करू नये म्हणून. पण हे तो कुणाला सांगत नाही. घड्याळाचं एक बारीक चित्र कोपऱ्यात पेटतं, तेवढंच. पुढे दुकानात असताना ‘व्हीसीआर मेला’ म्हणून आलेल्या कितीतरी यंत्रांवर मी फक्त ते बटण पुन्हा दाबलं. पैसे घ्यायची लाज वाटायची, मालक घ्यायचे.

पुढच्या शनिवारी पुन्हा सगळं लावलं, आणि पहाटे वीज गेली. बाहेर पाऊस, जूनचा दुसरा आठवडा. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत घड्याळ टिकवायला एक छोटा कपॅसिटर असे, तो काही मिनिटांचा धनी. वीज तासाभराने आली. घड्याळ शून्यावर मिचमिचत होतं.

तिसऱ्या रविवारी काका परत मस्कतला गेलेले, मी क्लासला, आई बाजारात. घरी एकटी आजी. तिला मी लाल ठिपक्याचं बटण दाखवून गेलो होतो: साडेनऊ वाजले की हे दाबायचं. आजीने बरोबर साडेनऊला दाबलं. काही झालं नाही. त्या यंत्रात ‘रेक’ आणि ‘प्ले’ ही दोन्ही बटणं एकदम दाबावी लागत. हे सांगायला मी विसरलो होतो. आजीने मग तेच लाल बटण अधूनमधून, प्रत्येक वेळी जरा जास्त जोर लावून, दहा वाजेपर्यंत दाबून पाहिलं. रात्री वडील आले तेव्हा तिने सांगितलं, ‘माझ्या बोटात जोर उरला नाही रे.’

एखाद्या यंत्राने सत्तरीच्या बाईला असं वाटायला लावावं, हे मला आजही खटकतं. दोन बटणांची अट चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून होती, हेतू चांगलाच होता. पण टायमर लावल्यावर गप्प होणारं यंत्र, पाऊण तासाच्या पायऱ्या, वीज गेली की सगळं विसरणं, हे अडाणी लोकांच्या हातात पडल्यामुळे झालेलं नव्हतं. ज्यांच्या बाजारासाठी ते आधी बनलं, त्यांनाही ते जमत नव्हतं. अमेरिकेत १९९० साली एका कंपनीने ‘व्हीसीआर प्लस’ नावाची सोय बाजारात आणली: वर्तमानपत्रातल्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक कार्यक्रमापुढे एक आकडा छापायचा आणि आपण तेवढाच आकडा दाबायचा, तारीख, वेळ, वाहिनी सगळं त्यात आलं. इंग्लंडमध्ये तेच ‘व्हिडिओप्लस’ म्हणून गेलं, जर्मनीत ‘शोव्ह्यू’ म्हणून. सुशिक्षित, श्रीमंत, चोवीस तास वीज असलेल्या देशांतल्या लोकांना टायमर सहज जमत असता, तर हा धंदा उभाच राहिला नसता.

जर्मनीने तर १९८५ मध्ये आणखी एक केलं होतं. प्रक्षेपण करणारी वाहिनीच कार्यक्रमाबरोबर एक खूण पाठवायची आणि ती खूण आली की व्हीसीआर सुरू व्हायचा. बातम्या लांबल्या, सामना रेंगाळला तरी कार्यक्रम पूर्ण मिळायचा. आपल्याकडे क्रिकेट लांबलं की पुढचं सगळं सरकायचं, मधेच ‘रुकावट के लिए खेद है’ यायचं, आणि टायमर मात्र छापील वेळेवर बंद व्हायचा. चौदा दिवसांचा टायमर होता, पण पुढच्या चौदा मिनिटांत पडद्यावर काय असेल याची खात्री नव्हती.

‘रेकॉर्ड केलेलं टीव्हीसारखंच दिसतं’

अँटेनातून येणारं दूरदर्शनचं चित्र पाच मेगाहर्ट्झपर्यंतचा तपशील आणू शकत होतं. व्हीएचएस, म्हणजे आमच्या कॅसेटींचा प्रकार, त्यातलं तीनच्या आसपास ठेवून बाकीचं टाकून देतं. रंगांचं तर त्याहून फार कमी ठेवतं. म्हणून टीव्हीवर वेगळी दिसणारी साडीची जर कॅसेटवर पदरात विरघळते आणि लाल रंग ओठांच्या बाहेर सांडतो. तो टीव्हीचा दोष समजून लोक रंगाचं बटण पिळायचे.

आवाजाची गोष्ट आणखी गमतीची आहे. साध्या व्हीसीआरमध्ये आवाज फिरत्या ड्रमवर जात नाही. टेपच्या वरच्या कडेला एक चिंचोळी सरळ पट्टी असते, ती एका वेगळ्या, जागेवर बसलेल्या हेडने वाचली जाते. म्हणजे तिथे वेग फक्त टेप सरकण्याचा, सेकंदाला २३.३९ मिलिमीटर. गाण्याची साधी ऑडिओ कॅसेट याच्या दुप्पट वेगाने, ४७.६ मिलिमीटरने चालते. पंचवीस रुपयांच्या कॅसेटवर लताबाईंचा आवाज जसा ऐकू येई तसा या महागड्या यंत्रातून का येत नाही, असं वडील विचारायचे. प्रश्न रास्त होता. चित्रासाठी एवढी घोडदौड आणि आवाज बैलगाडीत. हाय-फाय आवाजाची व्हीएचएस यंत्रं आली, ती आवाजालाही ड्रमवर बसवत होती, पण आमच्या खोक्यावरच्या चंदेरी ओळींत तेवढं एक नव्हतं.

‘मास्टर प्रिंट आहे, एकदम क्लिअर’

कॅसेट लायब्ररीवाल्याचं हे वाक्य. मास्टर प्रिंट म्हणजे कशाची तरी नक्कल, तिची नक्कल, तिचीही नक्कल. व्हीएचएसची प्रत्येक नक्कल आधीचे दोष उचलते आणि स्वतःचे चार घालते. १९८४ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ फिल्मचा स्पष्ट उल्लेख आला, कॅसेटवर निर्मात्याचा तपशील छापणं बंधनकारक झालं. आमच्या लायब्ररीतल्या कॅसेटींवर स्केचपेनने सिनेमाचं नाव असायचं. बाकी तपशील कोरा.

‘बीटा चांगलं होतं, ते हरलं म्हणून आपलं चित्र वाईट’

हा जाणकारांचा गैरसमज. दुकानात येणारा प्रत्येक तिसरा शौकीन हे ऐकवायचा. यात तथ्य आहे, पण ते पहिल्या दोन-तीन वर्षांचं. सोनीचं बीटामॅक्स १९७५ मध्ये आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ मध्ये. सुरुवातीच्या बीटाचं चित्र थोडं सरस होतं, पण कॅसेट तासाभराची. व्हीएचएसची दोन तासांची. त्या दोन तासांशी बरोबरी करायला सोनीला आपल्या टेपचा वेग निम्मा करावा लागला, आणि चित्राची जी काही आघाडी होती ती त्यात बरीचशी गेली. दोघांच्या तपशिलातला उरलेला फरक घरच्या वीस इंची टीव्हीवर ओळखू म्हणणाऱ्याशी मी पैज लावली असती.

याची देशी आवृत्तीही होती: हिंदी सिनेमा बीटाच्या कॅसेटीत मावत नव्हता म्हणून व्हीएचएस जिंकलं. पाल पद्धतीत बीटाची मोठी कॅसेट १९५ मिनिटं चालायची. बहुतेक हिंदी सिनेमे मावले असते. व्हीएचएस पसरलं ते जेव्हीसीने अनेक कंपन्यांना ते बनवायला दिल्यामुळे, यंत्रं स्वस्त झाल्यामुळे, आणि मग लायब्ररीत ज्याच्या कॅसेटी जास्त तेच यंत्र घ्यायचं या साध्या व्यवहारामुळे. १९८८ मध्ये खुद्द सोनीने व्हीएचएस यंत्रं काढली. तरी बीटाच्या कोऱ्या कॅसेटी सोनी मार्च २०१६ पर्यंत विकत होती, आणि व्हीएचएस यंत्रं बनवणारी जपानची शेवटची कंपनी, फुनाई, त्याच वर्षी जुलैत थांबली. दोघांची अंत्ययात्रा चार महिन्यांच्या अंतराने निघाली.

‘पॉज करून जेवायला बसावं’

बसू नये. पॉजमध्ये टेप थांबते, ड्रम थांबत नाही. सेकंदाला पन्नास वेळा हेड त्याच जागेवरून घासत जातं. पाच मिनिटांत पंधरा हजार वेळा. म्हणून बरीचशी यंत्रं साधारण तेवढ्या वेळात आपणहून थांबतात. ‘हा आपोआप बंद पडतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी सांगायचो, की हा तुमची कॅसेट वाचवतोय.

‘अमेरिकेहून आणलेलं म्हणजे भारी’

न्यू जर्सीच्या मावशीने १९९१ मध्ये तिथला व्हीसीआर पाठवला. तो ११० व्होल्टचा, हे ट्रान्सफॉर्मर लावून निभलं असतं. पण तिथली पद्धत एनटीएससी: चित्रात ५२५ ओळी, सेकंदाला जवळपास साठ अर्धी चित्रं. आपली पाल: ६२५ ओळी, पन्नास अर्धी चित्रं. कॅसेट बाहेरून अगदी सारखी, त्याच मापाची, त्याच खोबणीत बसणारी. आत सगळं वेगळं. आमच्या कॅसेटी तिथे काळ्या-पांढऱ्या लाटा दाखवत होत्या आणि तिच्या कॅसेटी इथे. मामाच्या लग्नाची कॅसेट तिने तीन वर्षं कपाटात ठेवली होती, कधीतरी लागेल म्हणून. पुण्या-मुंबईत तेव्हा ‘पालचं एनटीएससी करून मिळेल’ अशा पाट्या लावलेली दुकानं होती, त्यांचं बरंचसं पोट अशा लग्नांवर भरत असे. दोन्ही चालवणारी मल्टिसिस्टीम यंत्रं मिळायची ती आखाती देशांत. म्हणजे काकांचं मस्कत या बाबतीत अमेरिकेच्या पुढे होतं.

‘नोटेने पुसलं की हेड साफ’

करकरीत नोटेने हेड पुसणारे मी पाहिलेत. कोऱ्या नोटेचा कागद खरखरीत असतो, त्याने मळ निघतो आणि हेडही झिजतं. ते केसापेक्षा बारीक फटीचं काम आहे. कापसाचे धागे अडकून हेडचा तुकडा उडतो. मऊ चामड्याच्या पट्टीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्टी स्थिर धरायची आणि ड्रम हाताने फिरवायचं, कधीही वर-खाली घासायचं नाही. बाजारातली कोरडी क्लीनर कॅसेट दर आठवड्याला चालवणाऱ्यांची हेडं सर्वांत आधी बदलावी लागायची.

‘पावसाळ्यात यंत्र बिघडतं’

बिघडत नाही, अडून बसतं. ड्रमवर दव जमलं तर टेप त्याला चिकटून फाटते, म्हणून आत एक संवेदक असतो. त्याला ओल लागली की यंत्र हलत नाही. तासभर नुसतं चालू ठेवलं तर आतल्या उबेने वाळतं. मात्र पावसाळा कॅसेटींचं जे करतो त्याला असा काही संवेदक नाही. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरट ठिपके, जाळी दिसली की ती बुरशी. अशी कॅसेट एकदा लावली की ती हेडांत जाते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटींत. म्हणून कॅसेटींचं डिजिटल करून देणारी दुकानं आता आधी खिडकी पाहतात आणि कित्येकदा हात जोडतात.

‘कॅसेटची टॅब तोडली की ती कायमची सुरक्षित’

टॅब तुटली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होत नाही, पण ते तिच्या जागी सेलोटेप लावेपर्यंतच. आमच्या घरात चिकटपट्टीचं रीळ कधीच कमी नव्हतं.

‘आता ते दिवस गेले, आता सगळं साठवता येतं’

अमेरिकेत १९९९ मध्ये टिव्हो आलं, हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारं. चालू कार्यक्रम थांबवून पाहता येऊ लागला. पुढे आपल्याकडच्या सेट-टॉप बॉक्सनाही ‘रेकॉर्डिंग’चं बटण आलं. वडिलांनी निवृत्तीनंतर तसा एक घेतला. खोक्यावर पुन्हा चंदेरी अक्षरं होतीच. टायमर मात्र खरंच सोपा: कार्यक्रमावर जायचं, लाल बटण दाबायचं, एकच. आजी असती तर तिला जमलं असतं.

दोन वर्षांनी बॉक्स बिघडला. कंपनीचा मुलगा नवा बॉक्स लावून गेला. रेकॉर्डिंग ज्या पेन ड्राइव्हवर होत असे, तो वडिलांनी नव्या बॉक्सला लावला, मग माझ्या लॅपटॉपला. फाइली दिसत होत्या, उघडत नव्हत्या. असं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्या एका बॉक्सच्याच पोटात. बॉक्स गेला की किल्ली गेली. वर्गणी बंद केली तरी बहुधा तेच होतं. ‘म्हणजे मी साठवलं काय मग?’ असं वडील म्हणाले. व्हीसीआरला शंभर दोष होते, पण आपल्या हाताने भरलेली कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रावर, पट्ट्यांसकट का होईना, दिसायची.

‘हेड चोक झालं की कॅसेट मेली’

काकांच्या धाकटीचं बारसं १९८८ मध्ये रत्नागिरीजवळच्या घरी झालं, त्याची कॅसेट तिथेच माळ्यावर होती. तीस पावसाळे. त्यानंतर ती पुण्यातल्या एका दुकानात नेली. खिडकीत बुरशी स्पष्ट दिसत होती. तिथल्या मुलाने तोंड वाकडं केलं, पण त्याच्याकडे अशा कामासाठी ठेवलेलं एक जुनं यंत्र होतं, त्यात घातली. पाच-सात सेकंद एक केशरी पडदा आणि पाळण्याची दोरी दिसली. मग मुंग्या. हेड चोक.

आवाज चालूच राहिला. तो वेगळ्या हेडवर, टेपच्या कडेच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर, बैलगाडीच्या वेगाने. भांड्यांचा आवाज, कुणीतरी ‘घुगऱ्या कुठे ठेवल्यात’ विचारतंय. आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून आजी, व्हिडिओवाल्याला: ‘तो दिवा घालव आधी, पोरीचे डोळे दिपतायत.’

‘काढू का?’ मुलाने विचारलं. ‘चित्र नाहीये.’

त्याला म्हटलं, राहू दे, शेवटपर्यंत जाऊ दे, नुसता आवाज भर. त्याने मान हलवली आणि त्याच्या जुन्या यंत्रावरची दोन बटणं एकदम दाबायला गेला, मग आठवून हसला आणि संगणकाकडे वळला.